चौथा शब्द रंगनाथचा

गुड फ्रायडेला चार दिवस राहिले होते. पाळकसाहेब हातात यादी घेऊन रंगनाथ तोरणेच्या दारात उभे राहिले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "काका, चौथा शब्द तुमच्या नावावर लिहून टाकलाय. नाही म्हणू नका."

शरणपूरच्या त्या ख्रिस्ती मंडळीत जुना रिवाज होता. गुड फ्रायडेच्या दुपारी बारा ते तीन उपासना चालायची. प्रभू वधस्तंभावरून सात वेळा बोलला, त्या सात बोलांवर मंडळीतले सात जण बोलायचे. एकेक बोल म्हणजे आख्खं वाक्य, पण सगळे त्याला शब्दच म्हणत. पहिला क्षमेचा, सातवा आत्मा देवाच्या हाती देण्याचा. या दोन्हींसाठी माणसं वशिला लावत. चौथ्याला कुणी हात लावायचं नाही. चौथ्यात प्रभू देवालाच विचारतो, तू मला का टाकलंस. त्यावर उभं राहून बोलायला छाती लागते. रंगनाथ एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होता, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण आवाज अजून इंजिनावरून ऐकू जाईल असा. एकवीस वर्षं चौथा शब्द त्याचाच होता.

"यंदा दुसऱ्या कुणाला द्या," तो म्हणाला.

"कुणाला देऊ? पुंजाभाऊंना विचारलं, तर म्हणाले मला तिसरा द्या, आईचा आहे, बायका रडतात."

"मला जमणार नाही, पाळकसाहेब."

पाळक तरुण होते, पस्तिशीचे. ते खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेकडे बघत थोडा वेळ बसले. चहा संपवून उठले. दाराशी गेल्यावर त्यांना आठवलं. "लेआबाई भेटल्या होत्या परवा. काकूंची एक वही त्यांच्याकडे राहिलीय म्हणे. तुम्ही नेली तर बरं, नाहीतर मी आणून देईन."

"मी बघतो," रंगनाथ म्हणाला.

त्याची बायको वत्सला जाऊन साडेसात महिने झाले होते. ती कशी गेली हे रंगनाथने कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलगा सुनील इंदिरानगरहून रिक्षाने येईपर्यंत सगळं संपलं होतं. "शांत गेली," एवढंच रंगनाथने त्याला सांगितलं होतं, आणि तेच पुढे सगळ्यांना सांगितलं.

खरं असं होतं. गेल्या वर्षीचा ऑगस्ट. पोटाचा आजार यकृतापर्यंत गेला होता आणि दवाखान्याने घरी न्या म्हणून सांगितलं होतं. तिला उजेड हवा असायचा म्हणून खाट खिडकीशी ओढली होती. संध्याकाळची वेळ, शेजारी कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होत होती. दोन दिवस ती काही बोलली नव्हती. एकदम तिने डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात चौथा शब्द म्हटला. जसाच्या तसा.

रंगनाथ दचकून पुढे वाकला. त्याने तिच्या तोंडावर हात ठेवला. "असं बोलू नकोस, वत्सला. देवाने तुला टाकलं नाही. माफी माग त्याची."

हात काढल्यावर तिने त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा तेच म्हटलं आणि थांबली. त्याने पुन्हा तोंड दाबलं. तिसऱ्या वेळी नुसते ओठ हलले. मग तेही थांबले. कुकर उतरवल्याचा आवाज झाला तेव्हा ती गेलेली होती.

तेव्हापासून दिवेलागणीला खिडकीच्या बाजूने तिचा आवाज यायचा. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच वेळा. एकच वाक्य. त्यानंतर ती थांबल्यासारखी शांतता, आणि बस. रंगनाथ भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. त्याने खिडकी बंद करून पाहिली, रेडिओ लावून पाहिला. सुनीलने आग्रह केला म्हणून तो इंदिरानगरला राहायला गेला. सून तृप्ती जीव लावणारी होती, तिने त्याच्यासाठी वेगळी खोली लावली. चार संध्याकाळी गेल्या. तिकडे आवाज आला नाही. पाचव्या दिवशी सकाळीच तो पिशवी घेऊन शरणपूरला परत आला. आवाज येत नाही म्हणून परत चाललोय, हे मुलाला सांगायचं कसं?

आवाजाची भीती नव्हती. भीती दुसरीच होती. एकवीस वर्षं त्याने मंडळीला सांगितलं होतं, की या घटकेला बापाने तोंड फिरवलं, की जगात याहून काळोखाचा शब्द नाही, की आपल्याला हा शब्द कधी म्हणावा लागू नये म्हणून प्रभूने तो म्हटला. त्याच्या बायकोने तो मरताना तीनदा म्हटला. मग वत्सला आता कुठे होती? हे त्याला पाळकांना विचारता येत नव्हतं. ते काय उत्तर देतील हे त्याला माहीत होतं. गोड उत्तर देतील. मंडळीतल्या कुणा दुसऱ्याच्या बाबतीत त्यानेही गोडच दिलं असतं.

मंगळवारी दुपारी तो लेआबाईकडे निघाला. घर दोन गल्ल्या पलीकडे, पण त्याने वाटेत दोनदा चप्पल नीट केली.

लेआबाई चेऊलकर मूळच्या कोकणातल्या, बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. नवरा रेल्वेत होता म्हणून नाशकात आल्या आणि तो गेल्यावरही इथेच राहिल्या. दोन्ही मुलं इस्राएलला गेली. त्यांचं मराठी ऐकलं तर कुणीही त्यांना अलिबागकडचं म्हटलं असतं. फक्त दाराच्या चौकटीला उजवीकडे त्यांच्या शास्त्रातली वचनं ठेवलेली एक छोटी तिरकी डबी ठोकलेली होती, आणि शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत काचेच्या ग्लासात पाण्यावर तेल घालून त्या वात लावायच्या.

या बाईवरून रंगनाथचं घरात भांडण झालेलं होतं. तीन वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी मंडळीच्या सभेत विषय काढला, की गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी लेआबाईंना बोलवावं. प्रभू शेवटचं जेवण जेवला ते ज्यूंच्या वल्हांडण सणाचं जेवण होतं, तर ते जेवण त्यांच्यात कसं करतात, काय म्हणतात, ते त्यांच्याकडून ऐकावं. आपलंच आपल्याला नीट समजेल. ही कल्पना पाळकांच्या डोक्यात वत्सलाने घातली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

रंगनाथ उभा राहिला होता. "फळ हातात आलंय," तो म्हणाला होता, "आता मुळं उकरत बसायचं का? बायबलातला जुना करार आपण वाचतो तेवढा पुरे. जे त्याला मानत नाहीत, ते आपल्याला त्याच्याबद्दल काय शिकवणार?"

मंडळीने माना डोलावल्या आणि विषय तिथेच बारगळला.

त्याच्या बोलण्यामागे त्याचा बाप होता. धोंडीराम तोरणे सटाण्याकडचा. बाप्तिस्मा घेतला त्या सकाळी त्याने देव्हाऱ्यातले टाक टोपलीत भरून आरम नदीत सोडले आणि पोरांना हाताला धरून परत आणताना बजावलं, मागे बघायचं नाही. रंगनाथ तेव्हा सहा वर्षांचा होता. जुनं म्हणजे मागचं आणि मागचं दार बंद, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. ते कुणाचं जुनं, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही.

त्या सभेनंतर घरी येऊन वत्सला म्हणाली होती, "मामंजींनी सोडलं ते वेगळं. हे प्रभूच्या आईचं घर आहे. सासरी आल्यावर नवऱ्याच्या आईला कुणी परकी म्हणतं का?"

"मंडळीने ठरवलंय."

"मंडळीने नाही, तुम्ही ठरवलंय. मंडळीने मान हलवली."

मग ती दर गुरुवारी दुपारी पिशवी घेऊन भाजीला जायला लागली. दोन वर्षं गेली. तिने एकदाही भाजी आणली नाही आणि त्यानेही एकदा विचारलं नाही.

लेआबाईंचं दार उघडंच होतं. ओट्यावर पिठाचे डबे धुऊन उन्हात पालथे घातले होते. स्वतः त्या स्टुलावर बसून फडताळाच्या कडा सुरीच्या टोकाने खरवडत होत्या. शहात्तर वर्षांची बाई, पदर खोचलेला.

"या रंगनाथभाऊ. उद्या संध्याकाळी वल्हांडणाचा सण लागतो. घरात आंबलेल्या पिठाचा कण राहायला नको. बसा, त्या खुर्चीवरचं ओलं नाही."

"वही न्यायला आलो."

"देते. पाणी घ्या आधी." त्यांनी हात पुसले, माठातलं पाणी दिलं. "सात महिने वाट बघितली. म्हटलं, माणूस येईल. पाळकांच्या हाती पाठवली असती, पण मला तुम्हाला बघायचं होतं."

रंगनाथने मान खाली घातली. शेवटच्या आठवड्यात लेआबाई घरी आल्या होत्या. दारातच त्याने सांगितलं होतं, तिला झोप लागलीय. वत्सला जागी होती. लेआबाईंना ते खिडकीतून दिसत होतं. त्या काही न बोलता परत गेल्या होत्या.

वही शाळेच्या पोरांची होती, शंभर पानी. पहिल्या पानावर वत्सलाचं मोठं, वेलांट्या लांबवणारं अक्षर. *लेआबाई स्तोत्राचा नंबर सांगत नाहीत. पहिली ओळ सांगतात. ओळीवरून मी नंबर शोधते.* खाली रकाने आखलेले. डावीकडे ओळ, उजवीकडे आपल्या पवित्र शास्त्रातला आकडा. दोन पानं भरून.

"हे काय?" त्याने विचारलं.

"तुम्ही लोक सगळ्याला नंबर लावता. गीत क्रमांक अमुक, स्तोत्र तमुक. मला गंमत वाटायची. आमच्यात पहिले शब्द म्हणतात, तेच त्याचं नाव. माझा बाप तेलाच्या घाण्याशी काम करताना एक ओळ म्हणायचा आणि गप्प बसायचा. मग आतून आई पुढची म्हणायची. कुठलं स्तोत्र हे कुणी सांगायचं नाही. पहिली ओळ म्हटली म्हणजे सगळं म्हणायला घेतलं."

रंगनाथचं बोट उजव्या रकान्यावरून खाली येत होतं. बाविसाशी ते थांबलं. डावीकडे चौथा शब्द लिहिलेला होता. पुढे कंसात, बारीक अक्षरात: *यांना सांगायचं, गुड फ्रायडेच्या आत.*

बाविसावं स्तोत्र त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्यातली तीन वचनं तो दर वर्षी वापरायचा. हातपाय विंधल्याचं, कपड्यांवर चिठ्ठ्या टाकल्याचं, लोक मान हलवून हसल्याचं. बघा, आधीच लिहिलेलं होतं, म्हणायचा. तीन खिळे काढून घ्यावेत तशी ती वचनं त्याने काढून घेतली होती.

आणि त्याला आठवलं. मागच्या गुड फ्रायडेला तो शर्टाला इस्त्री करत होता. वत्सला मागे उभी होती. "अहो, ते बाविसावं एकदा शेवटपर्यंत वाचून जा ना." तो म्हणाला होता, "मला पाठ आहे. कॉलर जळेल, बाजूला हो."

"शेवटी काय आहे त्यात?" त्याने आता लेआबाईंना विचारलं.

"तुमच्याच पुस्तकात मराठीत आहे की. सुरुवातीला माणूस ओरडतो. मग बरंच काय काय सोसतो. आणि शेवटाकडे म्हणतो, त्याने तोंड लपवलं नाही, माझं ऐकलं. मग सगळ्यांना बोलावून जेवायला घालतो जवळजवळ." त्यांनी सुरी बाजूला ठेवली. "तुमच्या प्रभूबद्दल मी काही सांगू शकत नाही, भाऊ. तो कोण होता त्यावरून तुमचं-आमचं दोन हजार वर्षं जमलेलं नाही. पण तो आमच्या घरात वाढला, हे तर तुम्हीच म्हणता. आमच्या घरातला मुलगा पहिली ओळ म्हणाला, तर तो तेवढीच म्हणाला असं आम्हाला वाटणार नाही. आम्ही म्हणू, याला दम नाही उरला, पुढचं आपण म्हणू या."

ओट्यावर एक डबा वाऱ्याने गडगडला.

मग रंगनाथने सांगितलं. साडेसात महिन्यांत पहिल्यांदाच सगळं सांगितलं. खाट, कुकर, तीनदा म्हटलेला शब्द, तोंडावरचा हात. संध्याकाळचा आवाजही सांगितला.

लेआबाईंनी ऐकून घेतलं.

"आजाऱ्याच्या उशाशी आम्ही स्तोत्रं म्हणतो," त्या म्हणाल्या. "तिला माहीत होतं. मी म्हटलं होतं, मी आधी गेले तर तू म्हण, तू गेलीस तर मी म्हणेन. त्यासाठीच आले होते त्या दिवशी."

"म्हणजे ती घाबरून बोलली नाही. ती म्हणायला लागली होती. असंच ना?"

त्याला होकार हवा होता. लेआबाईंनी तो दिला नाही.

"ते मला कसं कळणार? मी तिथे नव्हते. तुम्ही मला दारातून परत पाठवलंत." राग नव्हता आवाजात, दमणूक होती. "घाबरली असेल. मरताना माणूस घाबरतं. घाबरलेल्या माणसासाठीच ते स्तोत्र आहे. पण ती म्हणून थांबली, असं तुम्हीच सांगितलंत. थांबली आणि तुमच्याकडे बघितलं. कशासाठी, ते तुम्ही सांगा. चाळीस वर्षं तुमच्या घरात होती."

रंगनाथ घरी आला आणि शास्त्र उघडून बसला. कशासाठी, ते त्याला सांगावं लागणारच नव्हतं. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून घरात संध्याकाळची प्रार्थना व्हायची, आणि स्तोत्र आळीपाळीने म्हटलं जायचं. पहिलं वचन कोणी म्हणायचं यावरून तेव्हा भांडण झालं होतं. वत्सला म्हणाली होती, देवळात पाळक पहिलं म्हणतो, घरात मी. तिने ते मिळवलं ते कायमचं. पहिलं तिचं, दुसरं याचं, तिसरं तिचं. चाळीस वर्षं, रोज, याच खिडकीशी. ती पहिलं म्हणून त्याच्याकडे बघायची, कारण त्याचं लक्ष नसायचं.

त्याने दुसरं वचन वाचलं. ते त्याचं होतं. त्यात हाक मारणारा म्हणतो, की मी दिवसभर हाका मारतोय आणि उत्तर येत नाही.

पुस्तक मांडीवर तसंच राहिलं. त्या संध्याकाळी आवाज आला तेव्हा त्याला तो नीट ऐकू आला. रडका नव्हता. वाचतानाचा होता. पण दुसरं वचन त्याच्या तोंडून निघेना.

गुड फ्रायडेला देऊळ भरलं होतं. पंखे चालू असूनही बायका हातातल्या कागदांनी वारा घेत होत्या. पुंजाभाऊंनी तिसरा शब्द घेतला, बायका रडल्या, ते समाधानाने पुढच्या बाकावर येऊन बसले. पाळकांनी रंगनाथकडे पाहिलं. तो उठला. हातात टिपणं नव्हती.

"एकवीस वर्षं मी तुम्हाला या शब्दाबद्दल सांगितलं," तो म्हणाला. "हा शब्द माझ्या घरात बोलला गेला तेव्हा मी बोलणाऱ्याचं तोंड दाबलं. माझी बायको होती ती. शेवटची वेळ होती. मला वाटलं, तिचा विश्वास सुटला. आता कळतं, की ते एका स्तोत्राचं पहिलं वचन आहे, आणि पुढचं माझं होतं. हे मला ज्या बाईकडून कळलं, तिला इथे बोलवू नका म्हणून मीच उभा राहिलो होतो. मला आज याच्यावर बोलता येणार नाही. आपण बाविसावं वाचू. पहिलं वचन तुम्ही म्हणा. दुसरं मी म्हणतो. शेवटपर्यंत."

पानं उलटल्याचा आवाज झाला. पुढच्या बाकावरून पुंजाभाऊ हळूच म्हणाले, "रंगनाथ, आज शेवटपर्यंत नको. शेवटी आनंद आहे त्यात. तो ईस्टरच्या रविवारचा."

"प्रभू वधस्तंभावर शेवटपर्यंत म्हणत असेल तर?"

"तसं लिहिलेलं नाही."

"नाही," रंगनाथ म्हणाला. "लिहिलेलं नाही."

मग बायकांच्या बाजूने कुणीतरी पहिलं वचन सुरू केलं आणि मंडळी त्यात मिसळली. रंगनाथने दुसरं म्हटलं. त्याचा तो मोठा आवाज दोन शब्दांनंतर फाटला, पण त्याने वचन पुरं केलं. तिसरं मंडळीचं, चौथं त्याचं. पुंजाभाऊ आधी गप्प होते, दहाव्या-अकराव्यापासून तेही म्हणायला लागले. एकतिसावं शेवटचं, ते मंडळीचं होतं. ते म्हणताना रंगनाथ तिसऱ्या बाकाकडे बघत होता, वत्सलाच्या भिंतीकडच्या जागेकडे. तिथे आता दुसरं कुणी बसलं होतं.

तीनला उपासना सुटली. त्याच्याशी फारसं कुणी बोललं नाही. पाळकांनी हात दाबला. सुनील म्हणाला, "दादा, घरी चला आमच्या." रंगनाथ म्हणाला, "उद्या येतो."

परत येताना तो लेआबाईंच्या घरावरून गेला. सणाचा शुक्रवार होता. उन्हं उतरायला अवकाश होता, पण खिडकीत काचेचा ग्लास पुसून ठेवलेला होता. पाणी भरलेलं, वात अजून लावायची होती. तो आत गेला नाही.

घरी त्याने खिडकी उघडली. खाटेशी स्टूल ओढून बसला. शेजारच्या घरात कुकर चढला, पहिली शिट्टी झाली. मग आवाज आला. तोच, स्वच्छ, वाचतानाचा.

त्याने दुसरं वचन म्हटलं. पुस्तक न बघता, न चुकता म्हटलं.

तिसरं तिचं होतं. तो थांबला. बाहेर अंधार पडला, कुणीतरी कुकर उतरवला, आणि तो खिडकीकडे बघत बसून राहिला.